ग्वाल्हेरात या आठवड्यात काय आहे? सामुदायिक रेडिओवर मराठी कलाकार्यक्रम उभा करताना

दाल बाजारातल्या नाट्यमंदिरात शनिवारी मराठी नाटक झालं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मुरार भागातल्या काकूंना ते सोमवारी भाजी घेताना कळलं, ही ग्वाल्हेरच्या मराठी घरांतली जुनी रड आहे. तानसेन समारोहाचे फलक शहरभर लागतात, ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्याचेही लागतात. पण एखाद्या गुरुजींच्या पुण्यतिथीची सभा, मठातलं कीर्तन, संगीत महाविद्यालयातल्या मुलांचं गायन, चित्रकलेच्या विद्यार्थ्यांचं प्रदर्शन यांची खबर निमंत्रणपत्रिका गेली तेवढ्याच घरांत पोचते. वर्तमानपत्रात येतं ते दुसऱ्या दिवशी, आणि त्यात गाण्यापेक्षा दीपप्रज्वलन जास्त. २०२३ साली युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या यादीत संगीतासाठी ज्या शहराचं नाव गेलं, तिथल्या रसिकाला गाणं कुठे चाललंय ते विचारत फिरावं लागतं.

हे काम सामुदायिक रेडिओ, म्हणजे स्थानिक संस्थेनं आपल्याच परिसरासाठी चालवलेलं छोटं एफएम केंद्र, फार चांगलं करू शकतो. आठवड्यातून अर्धा तास, मराठीत, फक्त शहरातल्या कार्यक्रमांवर. मंडळातली तीन-चार माणसं मनावर घेतील तर महिन्याभरात सुरू होऊ शकेल असं हे काम आहे. कसं करायचं ते पुढे सांगतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: असा कार्यक्रम माइकवर चालत नाही, वहीवर चालतो. बहुतेक मंडळी माइक आधी विकत घेतात.

आधी केंद्र शोधा

स्वतःचं केंद्र काढायचा मोह पहिल्याच बैठकीत होतो. तो आवरा. परवाना केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून मिळतो, त्यासाठी ना-नफा तत्त्वावरची आणि किमान तीन वर्षं नोंदणी असलेली संस्था लागते. व्यक्तीला किंवा राजकीय पक्षाला तो मिळतच नाही. शिवाय गृह आणि संरक्षण मंत्रालयांची ना-हरकत, मग कंपनसंख्येचं वाटप, मग करार, असा तो लांबचा रस्ता आहे. २००२ मध्ये फक्त शिक्षणसंस्थांना ही मुभा होती, २००६ च्या धोरणानं ती स्वयंसेवी संस्थांनाही मिळाली, आणि त्यानंतर शिवपुरीला ‘रेडिओ धडकन’, ओरछ्याला ‘रेडिओ बुंदेलखंड’, चंदेरीला ‘चंदेरी की आवाज’ अशी केंद्रं आपल्याच टापूत उभी राहिली. पण तुम्हाला हवाय अर्धा तास. तो चालू केंद्राकडे मागणं शहाणपणाचं.

परवाना मिळालेल्या केंद्रांची राज्यवार यादी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. ती बघा आणि मग प्रत्यक्ष ऐकून खात्री करा. कागदावर केंद्र असणं आणि रेडिओत आवाज येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सामुदायिक केंद्राला साधारण १०० वॉटची प्रसारणशक्ती आणि ३० मीटरपर्यंत उंचीचा मनोरा एवढीच परवानगी असते, त्यामुळे आवाज १०-१५ किलोमीटरच्या पुढे फारसा जात नाही. ग्वाल्हेरात आणखी एक अडचण आहे ती किल्ल्याची. एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. मनोरा शहरातल्या लष्कर भागाच्या बाजूला असेल तर किल्ल्यापलीकडे हजिऱ्याकडे आवाज फाटू शकतो. म्हणून एका रविवारी दोन दुचाक्या घ्या, एफएम असलेला साधा मोबाइल आणि वायरवाला इअरफोन घ्या (ती वायरच अँटेना असते, ब्लूटूथवाल्याचा इथे उपयोग नाही), आणि जिवाजीगंज, कंपू, शिंदे की छावणी, हजिरा, थाटीपूर, मुरार अशी चक्कर मारा. कुठे स्वच्छ येतं, कुठे खरखरतं, ते नकाशावर लिहा. पुढे श्रोत्यांचे फोन येतील तेव्हा तक्रार यंत्राची आहे की डोंगराची, हे त्यावरून कळेल.

केंद्रावर जाताना नुसतं पत्र नेऊ नका. केंद्रचालकाला स्वयंसेवकांचा पुरेपूर अनुभव असतो: पहिल्या भागाला सात जण येतात, तिसऱ्याला एक. त्याला धीर वाटेल असं काही हातात न्या. पूर्ण तयार केलेला एक भाग, पुढच्या चार आठवड्यांच्या कार्यक्रमांची यादी, आणि माहिती कोण गोळा करणार, बोलणार कोण, संकलन कोण करणार, त्यांची नावं. एक जण आजारी पडला तर त्याच्या जागी कोण, तेही लिहा. मागणी दोन गोष्टींची करा, ठरलेली वेळ आणि पुनःप्रसारण. संध्याकाळी साडेसात-आठ मागू नका, तेव्हा घरोघरी मालिका चालू असतात. सकाळी आठच्या सुमाराला स्वयंपाकघरात रेडिओ चालतो. शुक्रवारी सकाळी पहिलं प्रसारण आणि शनिवारी सकाळी पुन्हा, ही माझ्या मते सगळ्यात चांगली जोडी. शनिवार-रविवारचे कार्यक्रम त्यात पकडता येतात.

काय बोलता येतं, काय नाही

सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींवरची चर्चा देता येत नाही. बातम्या द्यायच्याच तर आकाशवाणीच्या, जशाच्या तशा किंवा स्थानिक भाषेत अनुवाद करून. पण याच नियमांत काही विषय बातम्या समजले जात नाहीत असं स्पष्ट म्हटलंय, आणि त्यात सांस्कृतिक कार्यक्रम व सणांची माहिती आणि वृत्तांत येतो. हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, पाणी-विजेच्या सूचनाही येतात. म्हणजे तुम्हाला जे करायचंय त्याला दार उघडंच आहे. फक्त कार्यक्रमाच्या नावात ‘बातम्या’ किंवा ‘समाचार’ घालू नका, केंद्रवाले उगाच दचकतात.

रेघ कुठे आहे ते उदाहरणानं सांगतो. ‘रविवारी सभागृहात सकाळी दहाला बालनाट्य आहे’ हे चालतं. ‘सभागृहाचं भाडं वाढवून प्रशासनानं कलाकारांची गळचेपी केली’ हे घरी बोला. पाहुणा बोलता बोलता तिकडे वळला तर तेवढं कापा. प्रमुख पाहुणे, उद्घाटक, स्वागताध्यक्ष यांची नावं सरसकट गाळा. त्यात बहुतेक राजकीय मंडळी असतात, निवडणुकीच्या दिवसांत तर ते केंद्राच्या अंगाशी येऊ शकतं. आणि खरं सांगायचं तर ऐकणाऱ्याला तबल्यावर कोण आहे हे हवं असतं.

पैशाचं थोडक्यात. २०२४ च्या सुधारित धोरणानुसार केंद्राला तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती घेता येतात, पूर्वी ही मर्यादा ७ मिनिटांची होती. मात्र खासगी प्रायोजकाचा कार्यक्रम चालत नाही. ‘हा अर्धा तास अमुक साडी सेंटरच्या सौजन्याने’ असं म्हणता येणार नाही. साडी सेंटरला जाहिरात द्यायची असेल तर ती केंद्राकडे, केंद्राच्या दरानं. तुम्ही मध्ये पडू नका. तिकिटाची किंमत आणि ते मिळायची जागा सांगणं ही माहिती झाली. ‘त्वरा करा’ म्हटलंत की जाहिरात झाली.

वही

आता खरं काम. एक जाड वही किंवा सगळ्यांना दिसेल असा एक तक्ता करा. प्रत्येक कार्यक्रमाला एक ओळ आणि त्यात इतक्या गोष्टी: काय आहे, कोण सादर करणार (साथीदारांसकट), कुठे आणि जवळची खूण, तारीख-वार-वेळ, प्रवेश कसा, ही माहिती कोणी दिली, आणि शेवटची खात्री कोणी, कधी केली. हे शेवटचे दोन रकाने भरायचा सगळ्यांना कंटाळा येतो. ते रिकामे असलेली ओळ वाचायची नाही, असा नियमच करा.

माहिती आणायची कुठून? माधव संगीत महाविद्यालय (१९१८ साली पंडित भातखंड्यांच्या पद्धतीवर माधवराव शिंद्यांनी सुरू केलेलं), पंडित घराण्याचं शंकर गांधर्व महाविद्यालय, राजा मानसिंह तोमर संगीत व कला विद्यापीठ, सरोद घर, नाट्यमंदिर, ढोलीबुवांचा मठ, मेळ्याचं कार्यालय, या जागा कोणालाही सुचतील. तिथे दर आठवड्याला एकाच ठरलेल्या माणसानं फोन करावा. रोज नवा आवाज आला की समोरचा कंटाळतो.

पण खरे खबरी वेगळेच असतात. तबल्याची पुडी (वरचं चामडं) बदलून देणाऱ्याकडे गर्दी झाली की समजावं, पंधरवड्यात सभा आहे. कोणाचा तबला आलाय आणि कधी परत हवाय, हे त्याला तोंडपाठ असतं. हार्मोनियम दुरुस्त करणारा, मांडववाला, साउंडवाला, निमंत्रणपत्रिका छापणारा, आणि सभागृहाची किल्ली ज्याच्याकडे असते तो चौकीदार, या पाच जणांशी ओळख ठेवलीत तर आयोजकाच्या आधी तुम्हाला कळेल. यांना फोनवर गाठू नका, जाऊन बसा, चहा घ्या. आणि त्यांच्याकडून कळलेलं लगेच वाचायचं नाही, आयोजकाला विचारूनच वाचायचं. चौकीदाराला तारीख माहीत असते, गाणारा बदलल्याचं माहीत नसतं.

दुसरा मोठा आधार पंचांग. गुरुपौर्णिमा, दासनवमी, रामनवमी, गोकुळाष्टमी, गणेशोत्सव, नवरात्र, दत्तजयंती, आणि घराघरांतल्या बुजुर्ग गायकांच्या पुण्यतिथ्या. वर्षाच्या सुरुवातीलाच हे सगळं वहीत टाकून ठेवलंत तर अर्धं वर्ष भरतं. इथे ग्वाल्हेरात एक खाचखळगा आहे, पुण्या-मुंबईत तो लागत नाही. आपला महिना अमावास्येला संपतो, आणि इथल्या हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोघांचं जुळतं, कृष्ण पक्षात महिन्याचं नाव बदलतं. गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावण कृष्ण अष्टमी, त्यांच्याकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी, दिवस तोच. म्हणून एखाद्या आजोबांनी ‘माघ वद्य पंचमीला सभा असते’ असं सांगितलं तर पंचांग कुठलं ते विचारा. आणि प्रसारणात तिथी एकटी कधीच सांगू नका, सोबत इंग्रजी तारीख आणि वार हवाच.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं पत्रक आलं की पहिल्यांदा वार आणि तारीख ताडून बघा. ‘रविवार’ लिहिलंय आणि कॅलेंडरात त्या तारखेला मंगळवार आहे, तर पत्रक मागच्या कुठल्यातरी वर्षाचं आहे. जुनी पत्रकं दरवर्षी नव्या उत्साहानं फिरतात, आणि पाठवणारे बहुधा आपलेच काका असतात.

खात्री दोनदा करायची. ओळ वहीत आली तेव्हा एकदा आणि रेकॉर्डिंगच्या आदल्या संध्याकाळी एकदा. दुसऱ्या फोनला ‘कार्यक्रम आहे ना?’ असं विचारू नका, समोरचा सवयीनं ‘हो हो’ म्हणतो. ‘गाणं किती वाजता सुरू होईल आणि साथीला कोण?’ असं विचारा, म्हणजे त्याला आठवून बोलावं लागतं आणि बदल झाला असेल तर बाहेर येतो. आमच्याकडे पत्रिकेवरचे सहा म्हणजे पावणेसात असतात. आयोजकाकडून हे कबूल करून घेता आलं तर उत्तम. नाहीतर छापील वेळच सांगा, कारण ज्या दिवशी ते वेळेवर सुरू करतील तो दिवस तुमच्यावर शेकेल.

निवड करताना छोट्याला झुकतं माप द्या. ज्याचे फलक लागलेत त्याला दोन ओळी पुरेत. ज्याची खबर चाळीस घरांपलीकडे जाणार नाही त्याला तीन मिनिटं. यावर मंडळात वाद होतील, मोठ्या संस्था रुसतील. रुसू द्या.

आठवड्याची घडी आणि संहिता

प्रसारण शुक्रवारी असेल तर वही मंगळवारी रात्री बंद. बुधवारी लिहायचं, संध्याकाळी दुसरी खात्री करायची, गुरुवारी सकाळी रेकॉर्डिंग, दुपारपर्यंत फाइल केंद्रावर. बंद झाल्यावर आलेली माहिती कितीही गोड बोलून दिलेली असली तरी पुढच्या आठवड्यात. अपवाद फक्त रद्द झालेल्या कार्यक्रमाचा. त्यासाठी केंद्राच्या निवेदकाला थेट वाचता येईल अशी एक ओळ शुक्रवारी सकाळीही पाठवता यावी, हे आधीच ठरवून घ्या.

अर्ध्या तासाचे तुकडे असे पाडून बघा: सुरुवातीला दोन मिनिटांत आठवड्यातल्या तीन ठळक गोष्टी, मग आठ मिनिटं तारीखवार यादी, मग दहा-बारा मिनिटं एकच विषय (मुलाखत, तालमीतला तुकडा, कीर्तनातलं पद), मग मागच्या आठवड्यात काय झालं याचा एका श्रोत्याच्या तोंडून वृत्तांत, आणि शेवटी यादी पुन्हा, या वेळी फक्त वार, जागा, वेळ. ही पुनरावृत्ती निरर्थक वाटेल, पण ऐकणाऱ्याच्या हातात कणीक असते, पहिल्यांदा त्यानं पेन घेतलेलं नसतं.

लिहिताना कानासाठी लिहा. ‘उपरोक्त’, ‘सदर’, ‘संपन्न होणार आहे’ हे पत्रिकेत राहू द्या. मिनिटाला ११०-१२० शब्द धरा, म्हणजे आठ मिनिटांची यादी साधारण नऊशे शब्दांची. त्यात दहा-बारा कार्यक्रम बसतात, वीस बसत नाहीत. नमुन्यादाखल एक नोंद:

‘शनिवारी संध्याकाळी नाटक आहे, दाल बाजारात, नाट्यमंदिरात. वेळ सहाची. दोन अंकी आहे, मध्ये पंधरा मिनिटांची सुट्टी, साडेआठला संपेल, म्हणजे मुरारला परत जाणाऱ्यांना वाहन मिळेल. प्रवेश सगळ्यांना, पास नको. दाल बाजारात त्या वेळी मालाच्या गाड्या लागलेल्या असतात, आपली गाडी लांब लावून चालत या. शनिवार, संध्याकाळी सहा, नाट्यमंदिर.’

परतीचं वाहन, गाडी लावायची जागा, खुर्च्या आहेत की जाजम, पायऱ्या किती, या गोष्टी कुठल्याच पत्रिकेवर नसतात. साठीपुढच्या माणसाचं जायचं की नाही ते यावरच ठरतं. म्हणून सभागृहं एकदा फिरून बघा आणि वहीच्या मागच्या पानांवर प्रत्येकाची नोंद ठेवा.

निवेदक ग्वाल्हेरी मराठी बोलणारा असला तर फार बरं. वाक्यात हिंदी शब्द येतील, क्रियापदं जरा वेगळी असतील. ती सुधारायला बसू नका. मुलाखत देणाऱ्याची तर मुळीच नाही. नियमही स्थानिक भाषा-बोलीचाच आग्रह धरतात, आणि किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत असं सांगतात.

रेकॉर्डिंग

बोलण्याचं रेकॉर्डिंग घरी होतं. सगळ्यात लहान खोली, पडदे लावलेले, गाद्या-रजया असतील तर उत्तम. पंखा, फ्रिज, कूलर बंद. मोबाइल विमान-मोडवर. माइक तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ आदळत नाहीत. पहिली अर्धी मिनिट गप्प बसून खोलीची शांतता रेकॉर्ड करा, संकलनात जोड लपवायला ती लागते. फाइल डब्ल्यूएव्ही, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ. कानाला हेडफोन लावल्याशिवाय काहीही रेकॉर्ड करायचं नाही.

गाण्याची सभा वेगळी. स्पीकरसमोर मोबाइल धरून केलेलं रेकॉर्डिंग रेडिओवर ऐकवत नाही. सभेच्या आधी तासभर जाऊन साउंडवाल्याला मिक्सरमधून लाइन आउट, म्हणजे वायरनं थेट मिळणारा आवाज, मागा. तो सुरुवातीला नाहीच म्हणतो. स्वतःची वायर घेऊन गेलात आणि मध्यंतरात चहा पाजलात तर देतो. त्याच्या जोडीला स्वतःचा रेकॉर्डर समोर दीड-दोन मीटरवर स्टँडवर ठेवा. मिक्सरचा आवाज स्वच्छ पण कोरडा असतो, समोरच्या रेकॉर्डरमध्ये सभागृह आणि ‘वाहवा’ येते. दोन्ही मिसळले की जिवंत वाटतं. पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या वर जाणार नाही. तानांच्या वेळी आवाज चढतो, हे लक्षात ठेवून सुरुवातीला कमीच ठेवा.

तुकडा कुठला घ्यायचा? इथे ग्वाल्हेर घराणं तुमच्या मदतीला येतं. या गायकीत बंदिश आधी नीट, स्थायी-अंतऱ्यासकट मांडायची रीत आहे, आणि लयही बहुधा मध्य. त्यामुळे सुरुवातीच्या चार-पाच मिनिटांतच एक पुरी वस्तू हाती लागते. बाकीच्या विस्तारातून मधलाच तुकडा उचललात तर तो तुटका वाटतो. सुरुवातीला तानपुऱ्याचे सात-आठ सेकंद राहू द्या. आणि कापायचं ते समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. सम येऊन गेल्यावर आवाज हळूहळू उतरवा. आवर्तनाच्या मध्ये कात्री चालवलीत तर लष्करमधल्या प्रत्येक जुन्या वाड्यातून फोन येईल, आणि यायलाच हवा.

नारदीय कीर्तन रेकॉर्ड करणं सर्वांत कठीण. बुवा उभे असतात, हलतात, वळतात, झांज माइकला झाकून टाकते. छातीवर लावायचा छोटा माइक इथे टाळा, त्यात झांज आणि उपरणंच ऐकू येतं. समोर स्टँडवर रेकॉर्डर आणि मिक्सरची वायर हेच बरं. निवडताना उत्तररंगातलं, म्हणजे कीर्तनाच्या उत्तरार्धातलं, आख्यान तोडू नका, त्याचा धागा पाच मिनिटांत बसत नाही. पूर्वरंगातलं एक पद आणि त्याला जोडलेला दृष्टांत घ्या.

मुलाखतीला कलाकाराच्या घरी जा आणि त्याचं वाद्य त्याच्या हाताशी राहील असं बसवा. ‘आपल्या सांगीतिक प्रवासाबद्दल सांगा’ असं विचारलंत की जन्मसालापासून सुरू होतं आणि वीस मिनिटं संपत नाही. त्यापेक्षा विचारा: पहिला राग कुठला शिकलात, शिकताना कुठे बसायचात, परवाच्या सभेत काय गाणार आणि तेच का, साथीला कोण असलं की बरं वाटतं. मग म्हणा, दाखवा की. वाद्य हातात असलं तर अर्धं उत्तर त्यातूनच येतं.

हक्कांचा कागद

हा भाग रुक्ष आहे, पण केंद्र तुम्हाला पहिल्यांदा हेच विचारेल. कॉपीराइट कायद्याच्या ३८ व्या कलमानुसार सादर करणाऱ्या कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क असतो, आणि तो ५० वर्षं टिकतो. ओळखीच्या बुवांनी ‘वाजवा हो, काय त्यात’ म्हटलं तरी एक पानाचं संमतिपत्र घ्या: तारीख, जागा, काय रेकॉर्ड केलं, किती मिनिटं वाजवणार, पुनःप्रसारण, इंटरनेटवर ठेवणार की नाही, इतरांना फाइल देणार की नाही. मुलं असतील तर पालकांची सही. साथीदारांची विसरली जाते, ती घ्या.

पारंपरिक बंदिशींवर कोणाचा हक्क नाही. आधुनिक रचनांवर रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. आपले भा. रा. तांबे १९४१ साली ग्वाल्हेरातच गेले, त्यामुळे त्यांच्या कविता २००२ पासून कोणालाही वाचता, गाता येतात. आठवड्याला एक वाचलीत तरी वर्षानुवर्षं पुरतील. पण त्यांच्या कवितांना पुढे इतरांनी लावलेल्या चाली आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका यांचे हक्क वेगळे आहेत. प्रसिद्ध गायिकेची तबकडी लावायची तर ती केंद्राच्या परवान्यात बसते का ते विचारा. सिनेमाच्या गाण्यांचंही तेच. सोपा उपाय म्हणजे रेकॉर्ड लावायचीच नाही, गावातल्या एखाद्या मुलीकडून कविता स्वतंत्र चालीत गाऊन घ्यायची. नाटकातला प्रवेश वाचायचा असेल तर लेखकाची किंवा वारसांची परवानगी लागते. प्रयोगासाठी मानधन दिलंय म्हणून रेडिओचा हक्क मिळाला असं होत नाही.

संकलन आणि नंतरचं

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. खोकले, लांब ‘अं’, दोनदा म्हटलेली वाक्यं काढा, श्वास राहू द्या. सगळ्या तुकड्यांचा आवाज एकाच पातळीवर आणा. त्यासाठी केंद्राचा तंत्रज्ञ कुठली पातळी मागतो ते विचारा. फाइलच्या नावात प्रसारणाची तारीख आधी. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून पाठवू नका, आवाज दबू शकतो. पेन ड्राइव्ह बरा, किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम केंद्रानं तीन महिने जपून ठेवायचा असतो. तुम्ही कच्च्या रेकॉर्डिंगसकट कायमचा ठेवा, दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगवेगळ्या घरांत. प्रत्येक फाइलसोबत कोण, कुठे, कधी, राग, ताल आणि साथ हे लिहून ठेवा. नाव नसलेलं गाणं दहा वर्षांनी कोणालाच ओळखता येत नाही.

चुकीची वेळ सांगितली गेली तर पुढच्या भागात सुरुवातीलाच, स्पष्ट, एका वाक्यात दुरुस्ती. दिलगिरीचं भाषण नको. श्रोत्यांसाठी एक फोन नंबर ठेवा, पण कोणा एकाचा खासगी नको. आलेल्या फोनांची नोंद त्याच वहीत करा: कुठल्या मोहल्ल्यातून, काय म्हणाले. पहिल्या दोन महिन्यांत फोन नातेवाइकांचेच येतात, नाउमेद होऊ नका. पहिला अनोळखी फोन बहुधा तक्रारीचा असतो, त्याला लगेच उलट फोन करा. तीच व्यक्ती पुढे खबरी होते.

समारोहाचा आठवडा

डिसेंबरातला तानसेन समारोह मध्य प्रदेश शासनाच्या उस्ताद अलाउद्दीन खाँ संगीत व कला अकादमीचा. तिथल्या सभांचं रेकॉर्डिंग लेखी परवानगीशिवाय करायचं नाही, आणि खटाटोप करूही नये, ते काम आकाशवाणीपासून सगळे करतात. तुम्ही कडेकडेनं जा. तानसेनच्या समाधीजवळ सकाळी परंपरेनं ढोलीबुवांची हरिकथा आणि मिलाद (पैगंबरांचं स्तुतिपठण) होतो. त्याआधी येऊन बसलेल्या मंडळींशी बोला. समाधीशेजारच्या चिंचेचा पाला खाऊन गळा सुधारतो म्हणून आलेल्या मुलांना विचारा, किती खाल्ला. १९२४ पासून चालत आलेल्या या समारोहाच्या लहानपणच्या आठवणी सांगणारी माणसं जिवाजीगंजात, दौलतगंजात अजून भेटतात. ती रेकॉर्ड करायचं काम डिसेंबरात काढू नका, नोव्हेंबरातच उरका, समारोहाच्या आठवड्यात कोणाला वेळ नसतो. रोज पाच मिनिटांचा विशेष भाग केंद्राकडे मागा: आज कुठली सभा, किती वाजता, कोण, थंडीत बसायची सोय कशी, परतीला काय. पत्रिकेतला क्रम आयत्या वेळी बदलतो, म्हणून या आठवड्यात खात्रीचा फोन रोज दुपारी.

समारोहातली एक सभा बेहटला, तानसेनच्या गावी होते. बेहट शहरापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, म्हणजे तुमच्या केंद्राचा आवाज तिथे पोचणार नाही. तिथल्या लोकांशी बोललात, त्यांचं काही रेकॉर्ड केलंत, तर संमतिपत्रात फाइल देण्याची ओळ विसरू नका आणि गावातल्या एखाद्याचा नंबर घेऊन या. प्रसारणानंतर त्याच दिवशी तो भाग त्याला पाठवा.